काशीत सोडलेलं केळं

आई गेल्यावर भेटायला येणाऱ्यांशी काय बोलायचं, हे मला कळत नसे. आजार सगळ्यांना माहीत होता. ती कशी होती हे सांगायला गेलं, की माझा आवाज साथ देईना. मग मी केळ्याची गोष्ट सांगू लागले. ती सांगताना रडू येत नाही, आणि ऐकणाऱ्यालाही जरा वेळानं हसायची मुभा मिळते. सांगून सांगून ती आता गुळगुळीत होत चालली आहे. म्हणून इथे सावकाश, घडली तशी लिहून ठेवते.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. आम्ही सुरतेत उधन्याला राहत होतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, लूमच्या कारखान्यात होते. ते अमळनेरकडचे, आई रावेरकडची. अण्णा अहिराणीत ‘माले’ म्हणायचे, आई तिच्या बोलीत ‘मले’ म्हणायची, आणि मी शाळेत शिकलेलं ‘मला’ म्हणायची. एका खोलीत आणि एका स्वयंपाकघरात तेवढी तीन माणसं आणि तीन बोली राहत होत्या. खालच्या मजल्यावर घरमालकीणबाई. त्या गुजराती जैन होत्या. मी त्यांना मासी म्हणे, आई बेन म्हणे. घर देताना त्यांची एकच अट होती, की वर मांसमच्छी शिजणार नाही. अण्णा ती पाळायचे, म्हणजे बाहेर खाऊन यायचे आणि कसं होतं ते घरी कुजबुजत सांगायचे.

आईचं माहेर केळीच्या बागांतलं. तिची आई, माझी आजी, त्या बागांत आयुष्यभर राबली, तरी तिला केळ्याचा कंटाळा आला नाही. काळी पडलेली, कोणी हात लावत नाही अशी केळी ती बाजूला काढून ठेवायची आणि भिंतीला टेकून बसून खायची. ‘आता कुठं याले चव आली,’ म्हणायची. आई तिच्यासारखं ‘केयं’ म्हणायची, ते शेवटपर्यंत सुटलं नाही. आजी वारली तेव्हा आमची गाडी भुसावळच्या अलीकडे रखडली. आम्ही पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. आई त्याबद्दल कधी काही बोलली नाही. पण पुढच्या हिवाळ्यात उधन्यातल्या खानदेशी कुटुंबांचा जथा काशीला निघाला, तेव्हा तिनं अण्णांना विचारलं नाही, नुसतं सांगितलं. “मले जायचं हाये.”

काशीला गेलेल्यानं आवडीची एक खायची वस्तू सोडून यायची, म्हणजे पुढे जन्मभर ती खायची नाही, अशी रीत आहे. गेलेल्या माणसाच्या नावानं सोडली, तर त्याचं पुण्य त्याला पोचतं, असं आमच्याकडे धरून चालतात. रीत आवडीची वस्तू सोडण्याची आहे. पण आमच्या जथ्यातल्या लोकांनी या बाबतीत रेल्वेतच पुरेसा विचार करून ठेवला होता. जथ्याचे पुढारी एक वयस्कर काका होते. पूर्वीही काशी करून आल्यामुळे सगळे त्यांना काशीकाका म्हणत. त्यांनी दोडका सोडला, जो त्यांच्या पानात कोणी कधी पाहिला नव्हता. त्यांच्या बायकोनं सीताफळ सोडलं, कारण त्यानं तिला खोकला व्हायचा. लूमवरच्या एका तरुणानं सफरचंद सोडलं. ते त्यानं फक्त दवाखान्यात, दुसऱ्यांच्या खाटांजवळ पाहिलं होतं. अण्णांनी फणस सोडला. सुरतेत आमच्या घरी फणस कधी आला नव्हता आणि येण्याचं काही कारणही नव्हतं.

मग आईची पाळी आली. ती ओंजळीत गंगेचं पाणी घेऊन घाटाच्या पायरीवर बसली.

“बोलो माताजी, क्या छोड़ती हो?” संकल्प सांगणाऱ्या पंड्यानं विचारलं.

“केला.”

पंड्यानं मान वर करून पाहिलं. त्याच्याकडे दिवसभर दोडके आणि कारली येत असावीत. “केला तो प्रसाद में आता है, माताजी. सोच लो.”

मागून अण्णा हळूच म्हणाले, “फणस सांग, फणस. जोडी व्हई जाई.”

आईनं ओंजळ सोडली. आजीचं नाव घेतलं, ते मला ऐकू आलं नाही, फक्त ओठ हललेले दिसले.

सुरतेत परतल्यावर आम्हाला समजलं, की माणूस दोडक्याशिवाय जन्म काढू शकतो, पण केळ्याशिवाय आठवडा काढणं अवघड असतं. उधन्यात दर पौर्णिमेला कुणाकडे तरी सत्यनारायण असायचा आणि प्रसादाच्या शिऱ्यात केळं कुस्करलेलं असायचं. ओटी भरली, की ओटीत केळं. उपासाला बायका केळी पुढे करायच्या. मामा गावाहून यायचा तो केळ्याचे वेफर घेऊन, आणि आई पिशवी न उघडता माझ्याकडे द्यायची. प्रसाद ती दोन्ही हातांनी घ्यायची, डोळ्यांना लावायची आणि तेच हात माझ्या तोंडापाशी आणायची. त्या वर्षी उधन्यातले सगळे प्रसाद मी दुप्पट खाल्ले आणि ते माझ्या अंगावर दिसू लागलं.

पूजा सांगणारे भटजी एकदा नाराज झाले. “बाई, प्रसाद नाकारला तर काय होतं, ते कथेत आत्ताच ऐकलंत ना?”

“ऐकलं ना,” आई म्हणाली. “पण कथेतल्या बाईनं काशीत केयं सोडलं नव्हतं.”

अण्णांचं व्रत त्या मानानं सुखात चाललं होतं. रात्रीचं जेवण झालं, की हात धुऊन ते समाधानानं जाहीर करायचे, “आज बी फणस खादा नही.”

पुढे एका सणाला कारखान्यातल्या ओडिया सोबत्यानं त्यांना कडोदऱ्याला आपल्या खोलीवर जेवायला बोलावलं. तिथून अण्णा फार खुशीत परत आले. खाली मासींचा दिवा चालू होता, म्हणून ते अगदी कानाशी येऊन बोलले. “काय मटण व्हतं. लोण्यासारखं. एक हाड नही.”

“हाड नाही?” आई म्हणाली. “मग ते बकरं उभं कसं राहायचं?”

दुसऱ्या दिवशी सोबत्यानं कारखान्यात खुलासा केला. सणाच्या दिवशी त्यांच्याकडे मटण करत नाहीत, ती कच्च्या फणसाची भाजी होती. त्या रात्री अण्णा हात धुऊन गप्प बसून राहिले. आईनं विचारलंच. “आज फणसाचं काही नाही सांगितलं?”

त्यांनी सगळं सांगितलं आणि लगेच निकालही दिला. “कच्चा फणस ही भाजी शे. मी फळ सोडेल शे.”

आई इतकी हसली, की खालून मासींनी हाक मारून काय झालं ते विचारलं. “गंगेले कच्चं-पक्कं कळतं का हो?” ती अण्णांना म्हणाली. “झाड तर एकच ना?” हे तिनं पुढे हळदीकुंकवात, नळावर, भाजीवाल्याजवळ, सगळीकडे सांगितलं. अण्णा बिचारे आठवडाभर कोणाच्या नजरेला नजर देत नव्हते.

मी तेव्हा गृहविज्ञानाच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते. मॅडमनी प्रकल्प वाटून दिले. प्रत्येकीनं एक फळ घ्यायचं आणि त्याच्या वेगवेगळ्या भागांत कोणती पोषकद्रव्यं किती, ते तपासायचं. जे आमच्या प्रयोगशाळेत तपासता येत नव्हतं, ते छापील कोष्टकांतून घ्यायचं. मॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तुम्ही लोक खानदेशचे ना? मग केळं तुम्हीच घ्या. घरचंच आहे.” आमच्या घरी ते बंद आहे, असं भर वर्गात सांगायचा मला संकोच वाटला. मी मान डोलावली.

मामानं आनंदानं पाठवून दिलं. घड आला, केळफुलं आली, केळीच्या खांबाचा पांढरा गाभाही ओल्या गोणपाटात गुंडाळून आला. ज्या घरात केळं म्हणजे वर्ज्य, त्या घरात जिन्यापासून मोरीपर्यंत केळीच केळी झाली. आईनं कपाळाला हात लावला नाही. शिक्षणाचं काम आहे म्हटल्यावर तिनं विळी घेतली आणि साली काढायला बसली. पण तिला भाजी चिरताना बोट चाटायची सवय होती. हे तिच्या लक्षात आलं, तेव्हा तिनं बोटांना कडुनिंबाचा पाला चोळून घेतला.

“आई, हे काय केलंस?”

“तोंडात गेलं तर कडू लागंल.”

“माझ्या नमुन्यात कडुनिंब उतरेल ना.”

“मग तुझं केयं औषधी निघंल. मॅडम खूष होतील.”

शेवटी मी तिला विळीवरून उठवलं. माझ्या हाताखालून पळून जाणाऱ्या त्या चिकट साली बघत ती समोर बसून राहिली, आणि मी किती जाड साल काढते ते सांगत राहिली. उरलेली केळफुलं तिनं शेजारणींना वाटून टाकली. स्वतःसाठी ठेवलं नाही. देताना मात्र प्रत्येक फूल हातात घेऊन उगाच दाबून बघत होती.

संध्याकाळी कॉलेजातून आले, की आज काय निघालं ते ती विचारायची. मी सांगायची. पिकलेल्या गरात मुख्य म्हणजे साखर. कच्च्या गरात तीच गोष्ट स्टार्चच्या रूपात, म्हणजे पिठाच्या. सालीत तंतू गरापेक्षा कितीतरी जास्त, आणि पोटॅशियमसुद्धा. खांबाचा गाभा म्हणजे पाणी आणि तंतू. केळफुलात साखर नावाला, पण प्रथिनं आणि लोह फळापेक्षा बरं.

“म्हणजे लोक चांगलं चांगलं गुरांले टाकतात नि गोड तेवढं खातात,” ती म्हणाली.

“हो. असंच दिसतंय.”

“पण आत काय हाये, ते तुले कसं कळतं?”

मी तिला भट्टीचं सांगितलं. वाळवलेला नमुना छोट्या मुशीत ठेवून तापलेल्या भट्टीत घालतात, सगळं जळून जातं, आणि मागे जी पांढुरकी राख उरते, त्यावरून त्यात खनिजं किती होती ते समजतं. सालीची राख जास्त भरते.

“जळून गेल्यावर कळतं?”

“हो.”

ती सुपातले तांदूळ निवडत होती. खडा बाजूला टाकून म्हणाली, “उशिराच कळतं मग.”

हे भेटायला येणाऱ्यांना मी सांगत नाही.

आता पॅटिसकडे येते. मासी दर रविवारी सकाळी पॅटिस करायच्या आणि एक ताटली वर पाठवायच्या. बाहेरून खरपूस, आत ओलं खोबरं, कोथिंबीर, हिरवी मिरची, किंचित साखर आणि लिंबू. आईला ते इतकं आवडायचं, की रविवारी ती न्याहारी जरा उशिरा करायची. बाहेरचं आवरण बटाट्याचं, अशी आमची सगळ्यांची खात्री होती. जैन माणसं बटाटा फक्त चौमासात सोडतात, असा आईचा समज होता, कारण आमच्या आधीच्या घरमालकांकडे तसंच होतं. मी तर त्या दिवसांत कच्च्या केळ्याचाच अभ्यास करत होते आणि दर रविवारी ते खातही होते. मला चवीवरून काहीही कळलं नव्हतं. कॉलेजात आम्ही पदार्थ वाळवायचो, दळायचो, जाळायचो. चाखून बघा, असं कोणी सांगितलं नव्हतं.

एका रविवारी आई कृती शिकायला खाली गेली. मीही सोबत गेले. मासींनी ओट्यावर खोबरं, मिरच्या, सगळं मांडून ठेवलं होतं. कुकर निवत होता.

“बेन, बटाटा कुठं हाये?” आईनं पदर खोचत विचारलं.

“बटाका?” मासींना हसू आलं. “अमे बटाका खाताज नथी ने, बेन. आ तो काचां केळां.” आणि त्यांनी कुकरचं झाकण उघडलं. आत काळपट सालींची कच्ची केळी उकडून पडली होती.

मासी कुस्करायला लागल्या, तर आईनं शेवटपर्यंत उभं राहून कृती पाहिली, मध्ये मीठ किती तेही विचारलं. मग वर येऊन तिनं आम्हाला जेवायला वाढलं आणि स्वतःचं ताट घेतलंच नाही.

“का वं, जेवत नही?” अण्णा म्हणाले.

“यात्रेहून आल्यापासून एवढे रविवार झाले,” ती म्हणाली. “आईले काहीच पोचलं नाही.”

अण्णांनी हातातला घास परत ताटात ठेवला. ती रडत नव्हती, पण तिचा चेहरा मला भुसावळच्या अलीकडे थांबलेल्या गाडीतल्यासारखा दिसला. संध्याकाळपर्यंत तिनं पाण्याशिवाय काही घेतलं नाही. तेव्हा अण्णा जाऊन काशीकाकांना घेऊन आले.

काशीकाका खाटेवर मांडी घालून बसले, चहा घेतला आणि न्यायाधीशासारखे माझ्याकडे वळले. “पोरी, तू शिकेल शे. कच्चं केळं नि पक्कं केळं एकच का दोन?”

मला वाटलं, आता माझ्या शिक्षणाचा उपयोग होणार. मी प्रकल्पाचे कागद आणून समोर ठेवले आणि समजावून सांगितलं. कच्च्या केळ्यात स्टार्च, पिकलेल्यात साखर. पोषणाच्या दृष्टीनं पाहिलं, तर कच्चं केळं फळापेक्षा बटाट्याच्या जवळ जातं.

“बटाटानाजोगं शे?” काशीकाका खूष झाले. “मंग झालं. तिनी बटाटाच खादा.”

“मी काय सांगत व्हतो?” अण्णांना राहवलं नाही. “कच्चं ते फळ नही.”

इथे आमचा खटला बुडाला. आईनं अण्णांकडे पाहिलं. “तुम्ही नका बोलू. तुमच्या फणसाले मी गावभर हसली. आता तीच पळवाट मी कोणत्या तोंडानं घेऊ?” मग ती माझ्याकडे वळली. “ते पिकल्यावर साखर होते म्हणतेस, ती कशाची होते?”

“त्याच स्टार्चची.”

“बाहेरून काही येत नाही?”

“नाही.”

“म्हणजे आत तेच.”

मी हो म्हटलं. वेगळं काही म्हणण्यासारखं माझ्या कागदांत नव्हतं. काशीकाकांनी थोडा विचार करून दुसरा उपाय काढला. येत्या हिवाळ्यात पुन्हा जथा निघणार होता, अजून जागा होत्या, फिरून एकदा काशी करून यावी. अण्णा म्हणाले, काशीला पुन्हा जाऊन पुन्हा एक वस्तू सोडावी लागणार असेल, तर आपल्याकडे आता खायला उरतं काय, हे आधी बघावं लागेल.

एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. मासी वर आल्या. दुपारपासून वर भांड्यांचा आवाज नाही, हे त्यांनी ओळखलं होतं, आणि जिना चढताना आमचा केळ्याचा खटला त्यांच्या कानावर पडला होता. दारातच हात जोडून त्या म्हणाल्या, “बेन, मारे लीधे थयुं.” माझ्यामुळे झालं.

“तुमचं काय चुकलं बेन? तुम्ही तर प्रेमानं खाऊ घातलं,” आई मराठीत म्हणाली. या दोघी नेहमी आपापल्या भाषेत बोलायच्या आणि कधी अडायच्या नाहीत.

मासी टेकल्या. त्यांनी आम्हाला त्यांच्याकडची पद्धत सांगितली. जैनांमध्ये एखादी वस्तू सोडताना सोडण्याच्या शब्दांतच काही सवलती बोलून ठेवतात. त्याला आगार म्हणतात. नकळत खाल्लं गेलं, किंवा अचानक तोंडात उडून पडलं, तर व्रत मोडलं असं होत नाही. “अजाणतां थयुं होय तो भंग न थाय. तमारा पंडाए कांई न राख्युं?”

“त्यानं काही ठेवलं नाही,” आई म्हणाली. “त्याले घाई व्हती.”

“भलता हुशार धर्म शे,” अण्णा म्हणाले. काशीकाकांना हे फारसं रुचलं नाही. आपल्या पंड्यानंही विचारलं असतं तर ठेवलं असतं, असं ते पुटपुटले.

“मग मी आता ठेवते तो आगार,” आई म्हणाली.

मासींनी मान हलवली. मागाहून ठेवता येत नाही. पण व्रत नव्यानं घेता येतं. त्याला कोणाची ना नाही.

“आता गंगा कुठून आणायची?” काशीकाका म्हणाले.

आई उठली आणि मोरीतल्या नळाखाली तांब्या धरला. आमच्या नळाला तापीचं पाणी येतं. तापी रावेरकडून, आईच्या गावाच्या अंगानंच वाहत खाली सुरतेला येते. हे तिनं कोणाला समजावून सांगितलं नाही, पण सगळ्यांना समजलं असावं, कारण काशीकाकांनीही पुढे गंगेचं नाव काढलं नाही. ती परातीपुढे बसली आणि मला म्हणाली, “तू सांग, केयाचे भाग कोणकोणते. एकेक सांग. या खेपेला काही राहायला नको.”

मी माझे कागद उचलले. प्रकल्पाचं असं काही होईल, अशी मॅडमना कल्पना नसावी.

“पिकलेला गर.”

“सोडला.” ओंजळीतलं पाणी परातीत पडलं. अण्णांनी पुन्हा ओंजळ भरून दिली.

“कच्चा गर.”

“सोडला.”

मासींनी सुस्कारा टाकला. रविवारचं पॅटिस त्यातच गेलं होतं.

“साल.”

“साल कोण खातं?”

“चटणी करतात काही लोक.”

“सोडली.”

“खांबाचा गाभा.”

“सोडला.”

“पान.”

इथे थोडी चर्चा झाली. पान खात नाहीत, पानावर खातात, हा अण्णांचा मुद्दा सगळ्यांनी मान्य केला आणि पान वगळलं. लग्नातल्या पंगती वाचल्या.

“केळफूल,” मी म्हटलं.

आईच्या ओंजळीतलं पाणी बोटांच्या फटींतून ठिबकत होतं.

“सोड बाई,” काशीकाका म्हणाले. “ते बी केळीनंच शे.”

“मले माहीत हाये ते,” ती म्हणाली. “या पोरीच्या वेळी, माझ्या बाळंतपणात, आई मले केळफूल करून घालायची. दूध यावं म्हणून. एकेक कळी साफ करत बसायची दारात. केयं तिच्या आवडीचं होतं, ते मी सोडलं. पण तिनं मले जे घातलं, ते कसं सोडू?”

काशीकाकांनी घसा साफ केला आणि माझ्याकडे पाहिलं. “पोरी, शास्त्र काय म्हणस?”

“केळफूल ही फळापेक्षा अगदी निराळी वस्तू आहे,” मी म्हटलं. “साखर जवळजवळ नाहीच.” आईनं मला पुढे काहीतरी विचारावं आणि तिथेही माझे कागद उघडे पडावेत, अशी मला भीती वाटत होती. पण तिनं या वेळी काही विचारलं नाही.

“मंग झालं,” काशीकाका म्हणाले. “राहू द्या.”

आईनं पुन्हा ओंजळ भरून घेतली. शेवटचं ती खाली बघून बोलली, आणि या वेळी मला ऐकू आलं. “न कळता तोंडात गेलं, तर ते धरू नको, आई.” मग पाणी सोडलं. परातीतलं पाणी तिनं तुळशीला घातलं आणि आत जाऊन सकाळची भाकरी वाढून घेतली. आम्ही सगळे तिला जेवताना बघत बसलो. तिनं मान वर करून विचारलं, “तुम्हाले घरं नाहीत का?” तेव्हा काशीकाका चपला शोधू लागले.

त्याच आठवड्यात मामाकडून आणखी केळफुलं आली. आई दारात बसली. तिनं हातांना तेल लावलं, जांभळी पानं एकेक करून उलगडली आणि आतल्या प्रत्येक कळीतला ताठ दांडा आणि पारदर्शक पाकळी काढून टाकत गेली. हे काम इतकं वेळखाऊ असतं, की बघणाऱ्याला झोप यावी. चिरून ताकात घातलं, दुसऱ्या दिवशी हरभऱ्याची डाळ घालून भाजी केली. वास घरभर पसरला. तिनं पहिली वाटी भरली ती मासींसाठी. एवढ्या रविवारच्या पॅटिसची परतफेड व्हायला हवी होती. वाटीवर ताटली झाकून ती खाली गेली.

थोड्या वेळानं ती वर आली, ती भरलेली वाटी तशीच घेऊन.

“काय झालं?” मी विचारलं.

“त्यांच्यात फूल चालत नाही. फुलात जीव असतात म्हणे.”

अण्णा ताटावर बसले होते. ते गंभीरपणे म्हणाले, “त्यासनी आगार ठेवेल नही का?”

“ठेवलेला हाये ना,” आई म्हणाली. “न सांगता दिलं असतं तर चाललं असतं. मी सांगून बसली.” मग तिनं वाटी आपल्या ताटात उपडी केली, बोटानं पुसून घेतली, बोट चाटलं आणि मासींच्या वाट्याची भाजीही आपल्या भाजीत कालवून जेवायला बसली.